चाकोरी

नागपूरला जुनी जिप्सी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्यानं एकच पालुपद धरलं होतं. "भाऊ, ही गाडी कुठंही जाते. नाला म्हणू नका, डोंगर म्हणू नका, रस्ता असो की नसो." मी मान डोलावत होतो. मला ती जिथं चालवायची होती तिथं रस्ता सोडला की कारवाई होते, हे त्याला सांगून काय उपयोग? ताडोब्याच्या जंगलात, मोहर्लीच्या गेटातून आत गेलेल्या गाडीला दोन चाकोऱ्या आखून दिलेल्या असतात. त्यांतून जायचं, त्यांतूनच परत यायचं. चाक हातभर गवतात उतरलं तरी शेजारी बसलेला गाइड आधी चाकाकडं बघतो, मग माझ्याकडं. कुठंही जाऊ शकणारी गाडी घ्यायची आणि जन्मभर तिला ठरलेल्या वाटेबाहेर न्यायचं नाही, असा आमचा धंदा.

ही २००९ ची गोष्ट. बैलांची एक जोडी विकली, आईची एकदाणी मोडली, उरलेले पैसे पतसंस्थेकडून घेतले. गाडी लष्कराच्या लिलावातून सुटून दोन-तीन हातांतून फिरत आली होती. वरून हिरवा रंग होता, पण दाराच्या कडेला नखानं खरवडलं की खालून मातकट पिवळा निघायचा. घरी आणून अंगणात धुवायला घेतली. मागची रबरी चटई उचलली, चेसिसच्या पोकळीत पाइप धरला, तर आतून वाळू वाहायला लागली. चिमूटभर नव्हे, चांगली दोन-तीन ओंजळी. आमच्याकडं मुरूम लाल, इरईच्या बाजूची शेतं काळी. ही वाळू रव्यासारखी बारीक आणि फिकट. बायको उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "हे कोणच्या गावची माती घेऊन आले जी तुम्ही?"

कागदावर राजस्थानचा नंबर होता. एवढं बायकोला सांगितलं आणि ती वाळू तुळशीच्या बुडाशी टाकली. तेव्हा त्यापुढं काही सुचलं नव्हतं.

गाडी चालवायला मी आलापल्लीकडं शिकलो. भामरागडच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचो. आत चौदा माणसं, मागं लटकलेली चार, टपावर मोहफुलाची पोती आणि कोंबड्या. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटायचं, आम्ही अलीकडं दोन-दोन दिवस बसून राहायचो. तिथल्या जुन्या ड्रायव्हरांनी एक गोष्ट शिकवली. नाल्याचं पाणी किती आहे ते गाडीत बसून कळत नाही, उतरून काठी टेकवावी लागते. ताडोब्यात आल्यावर हे शिक्षण अर्धं वाया गेलं, कारण इथं पहिला नियमच खाली उतरायचं नाही हा.

वडील मात्र माझ्याआधीपासून या रस्त्यांचे. ते धुरकरी, म्हणजे बैलबंडी हाकणारे होते. बांबू आणि जळाऊ लाकूड डेपोपर्यंत बंडीनं ओढायचे. पौषात तारूच्या जत्रेला तलावापर्यंत बंड्या जायच्या, त्यांतही ते असत. तारू हा गोंडांचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं असं आमच्याकडं मानतात. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. हे सगळं होत असताना वडिलांच्या लेखी रस्ता एकच होता. मी जिप्सी आणली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाले, "बंडीएवढीच हाय. जमते." वर आणखी एक वाक्य टाकलं, "बैल चाकोरीले लागले का धुरकरी झोपला तरी बंडी घरी येते."

जिप्सी काही धुरकऱ्याला झोपू देत नाही. पुढं-मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, प्रत्येक दगड पाठीच्या मणक्यात मोजला जातो. पण दोन गोष्टींत तिला तोड नाही. एक तर ती पेट्रोलवर चालते. १२९८ सीसीचं ते लहान इंजिन मोकळं चालत असलं की पंचवीस पावलांवरचं चितळ मान खाली घालून चरत राहतं. तेच डिझेलची गाडी आली की आधी कान उभे, मग शेपटी. दुसरं म्हणजे वजन. फसली तरी चार माणसांनी ढकलून निघते. मारुतीनं १९८५ मध्ये ही गाडी काढली आणि २०१९ मध्ये लोकांना विकणं थांबवलं. आता आम्ही मेलेल्या जिप्सीचे भाग काढून जिवंत जिप्सीला लावतो. नवीन पोरं जिम्नी घेतात. चांगली आहे, मऊ आहे. मला तिच्यात बसलं की आपण पाहुणे म्हणून आलोय असं वाटतं.

सकाळचं काम अंधारात सुरू होतं. गाडीला नंबर मिळतो, तशी रांग लागते, गाइड येऊन बसतो. मोहर्लीत आता गाइडचं काम बायकाही करतात. मी ज्यांच्यासोबत सगळ्यात जास्त फिरलो त्या एक ताईच. लग्न होऊन या गावात आल्या, आधी तेंदूपत्ता तोडायला जायच्या, आता खाकी घालून पुढच्या सीटवर बसतात. गेटातून आत शिरलं की पहिले काही किलोमीटर डांबरी रस्ता. त्याच्या कडेला अधूनमधून दगडी खांब उभे आहेत, गोंड राजांच्या काळचे. राजाची स्वारी निघाली की खांबाखांबावरून दोर ओढून घंटा वाजवत वर्दी पुढं पोचवायचे, असं सांगतात. पर्यटकांना ही गोष्ट आवडते. खरी-खोटी राजाला माहीत.

डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागलो की माझं खरं काम. लोकांना वाटतं ड्रायव्हर झाडीत बघतो. झाडीत गाइड बघतो, पर्यटक बघतात, वानरं बघतात. मी बघतो चाकोरीत.

वाघ रस्त्यानं चालतो, हे ऐकून पहिल्यांदा आलेल्या माणसाला जरा फसवल्यासारखं वाटतं. त्याच्या डोळ्यांपुढं बांबूचं बेट फाकवत येणारा वाघ असतो. पण विचार करा. गवतात दव, पायाखाली काटे, सागाची वाळलेली पानं अशी की ससा चालला तरी पापड मोडल्यासारखा आवाज. त्यापेक्षा मुरमाच्या बारीक धुळीचा रस्ता गादीसारखा. आवाज नाही, पायाला त्रास नाही, आणि हद्दीची फेरीही सरळ होते. म्हणून तो आमच्या चाकानं दाबून दिलेल्या पट्टीतूनच जातो. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताच्या उंचवट्यावरून फार क्वचित. मराठीत आपण 'चाकोरीतला माणूस' म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते. मला तरी आता तसं म्हणवत नाही.

तर धुळीत ठसा दिसला की त्याचं वय काढायचं. पंजाच्या ठशावर टायरची नक्षी उमटलेली असेल तर वाघ गाडीच्या आधी गेला, नक्षीवर पंजा असेल तर नंतर. एवढंसं गणित आहे. पण काल संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता गेली, ती कुणाची, तिचे टायर कुठले, हे डोक्यात असेल तरच ते सुटतं. ठशात दवाचे थेंब पडल्याच्या बारीक खळग्या असतील तर तो मध्यरात्रीच्या आधीचा. वरून मुंग्यांची रांग गेली असेल, किड्यानं नागमोडी रेघ ओढली असेल, तर जुना. कडा धारदार, आतली धूळ ओलसर, तर गाडी तिथंच बंद करून कान द्यायचा. नराचा पंजा चौकोनाकडं झुकणारा, मादीचा लांबट. मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, म्हणून चार पायांचं जनावर दोन पायांनी गेल्यासारखं दिसतं. अस्वलाचा मागचा पाय लहान मुलाच्या पावलासारखा. पर्यटकांमधल्या आजीबाई तो बघून हमखास विचारतात, "इथं कुणाचं मूल आलं होतं?"

हे सगळं दिसतं ते पहिल्या गाडीला. दुसरीला निम्मं. तिसरीच्या ड्रायव्हरसमोर टायरवर टायर. ज्या चाकानं मी वाघापर्यंत पोचतो तेच चाक मागच्यासाठी वाघ पुसत जातं, आणि यावर कोणाकडंच उपाय नाही. मी एवढंच करतो की ताजा ठसा दिसला तर चाक जरा मधल्या उंचवट्याकडं घेतो. ताईंना ते कळतं. मागच्या सीटवरचे म्हणतात, "ड्रायव्हरकाका, गाडी वाकडी का चालवता?"

ठसे वाचायला मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना शिकलो, तेही मजुरीवर. त्या काळी वाघांची मोजणी पंजाच्या ठशांवरून व्हायची. उन्हाळ्यात, पाणवठे मोजकेच उरले की आठवडाभर गावातली माणसं रोजानं लावायचे. रस्त्यावर, नाल्यात जागोजागी माती चाळून मऊ पट्टे करून ठेवायचे. सकाळी त्यावर ठसा सापडला की चार खडे ठेवून वर काच आडवी धरायची, आणि स्केचपेननं काचेवर ठशाची रेघ गिरवायची. मग काचेवरून कागदावर. नाहीतर प्लास्टर कालवून साचा. माझ्याकडं काच धरायचं काम. हात हलला की वनरक्षक डोक्यात टपली मारायचे. पुढं २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं. कागदावर ते होते, जंगलात नव्हते. ठशांची ती पद्धत बाद झाली आणि २००६ पासून देशभरच्या मोजणीत कॅमेरे आले. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, फोटो खोटं बोलत नाही. बरोबरच झालं. एकाच वाघाच्या ओल्या मातीतल्या आणि कोरड्या धुळीतल्या ठशांचं माप जुळत नाही, हे काच धरणाऱ्या पोरालाही दिसत होतं, पण त्याला विचारणार कोण?

त्या वाळूचा उलगडा मात्र पुष्कळ वर्षांनी झाला. एका हिवाळ्यात एक निवृत्त गृहस्थ आले. नातवंडांना घेऊन आलेले, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी सगळी सीमा सुरक्षा दलात. गाडीत बसायच्या आधी त्यांनी वडिलांसारखीच जिप्सीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "हिच्यावर मी जैसलमेरला होतो." मी वाळूचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ती निघत नाही. घरी गेलो तरी बुटांतून वर्षभर निघायची."

त्या दिवशी वाघ दिसला नाही. पण त्या चार तासांत त्यांनी वाळवंटातली गाडी मला पूर्ण समजावून दिली. वाळूत जायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. तसं आमच्याकडं केलं तर तोडलेल्या बांबूचा खुंट टायर उभा फाडेल. आम्ही हवा कडक ठेवतो. टेकडी चढताना मध्ये थांबायचं नाही, थांबलं की गाडी बुडते. आमच्याकडं उलट, जिथं थांबाल तिथून गाडी निघायला हवी, कारण थांबणं हेच काम. दिशा कशी ठेवता म्हणून विचारलं, तर म्हणाले की वाळूच्या टेकड्या वाऱ्यानं सरकतात, काल होती ती वाट आज नसते. मला ते ऐकून पोटात खड्डा पडला. रोज नवीन वाट काढायची म्हणजे बैल, धुरकरी आणि बंडी तिघांनीही जागं राहायचं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही गाडीतल्या लोकांना सांगतो. सीमेवर कुंपणाच्या बाजूनं वाळूची पट्टी रोज ओढून गुळगुळीत करतात. रात्री कुणी ओलांडून आलं तर सकाळी पाऊल दिसावं म्हणून. आणि ते पाऊल वाचायला तिथले खोजी असतात, पिढ्यान् पिढ्या तेच करणारे. माणूस ओझं घेऊन होता की रिकामा, उलट्या पावलांनी चालला का, उंटावरून उतरला कुठं, सगळं सांगतात. मी ताईंकडं बघितलं. चाळलेली माती, मऊ पट्टा, सकाळी येऊन वाकून बघणं. काच तेवढी नव्हती. चारशे कोसांवर कोणी तरी तेच करत होतं जे मी पोरगा असताना टपल्या खात करत होतो. जाताना त्यांनी नातवाला खाली वाकवून मोराच्या पायाचा ठसा दाखवला. गेटबाहेर, अर्थात.

खाली उतरायचं नाही या नियमावरून आठवलं. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, एक जुलै ते तीस सप्टेंबर बंद असतं, पण त्याभोवतीच्या बफरमधली काही गेटं पावसातही चालतात. अशाच एका जुलैत आगरझरीच्या बाजूला मी सहा पाहुणे घेऊन गेलो. रात्री पाऊस झालेला, इरईकडची ती काळी चिकट जमीन. एका वळणावर मागची चाकं फिरायला लागली. मी ऐटीत दांडा ओढला, फोर व्हील टाकली. गाडी जागेवरच. पुन्हा रेस दिली, मागून चिखलाचं कारंजं उडालं, पुढची चाकं शांत. तेव्हा लख्ख आठवलं. जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतात. ते हातानं फिरवून लॉक केल्याशिवाय दांडा ओढून काही होत नाही. उन्हाळाभर पेट्रोल वाचावं म्हणून ते मोकळे ठेवतात, आणि पावसाळा लागला की पहिल्या दिवशी लॉक करून टाकायचे असतात. मी विसरलो होतो. कुणाचाही दोष नाही, माझाच.

डाव्या हाताला, कमरेएवढ्या गवतात, चितळ ओरडत होतं. एकदा नाही, लागोपाठ. मागच्या सीटवरचा मुलगा कॅमेरा सरसावून बसला. त्याला आनंद झाला होता. ताई सीटवर उभ्या राहिल्या, चारी बाजूंनी सावकाश नजर फिरवली आणि म्हणाल्या, "उतरा. पण गाडीचा हात सोडू नका." मी उतरलो. एक हात बॉनेटवर, दुसऱ्यानं हब फिरवला. टक्. मग बंपरला धरून, वाकून, पलीकडं गेलो. टक्. पाव मिनिट लागलं असेल. त्या पाव मिनिटात मला जंगल गाडीतल्यापेक्षा दुप्पट मोठं दिसलं. आवाजही वेगळा येतो खाली. परत चढलो, गाडी म्हशीसारखी हुंकारत निघाली. गेटवर आल्यावर ताईंनी आपणहून वनरक्षकाला सांगितलं की ड्रायव्हर खाली उतरला होता, मीच उतरवला. मला दोन दिवस गाडी लावता आली नाही. ताईंचा मला राग आला नाही. म्हणजे पहिल्या दिवशी आला होता.

आम्ही म्हणतो, गाडीतला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, गाडी हे एकच मोठं जनावर वाटतं. खरं असेल. पण वनरक्षकांना गाडी नसते, ते पायी फिरतात. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातच मोजणीची पायवाट चालताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. त्यानंतर कितीतरी दिवस पर्यटकांनी "वाघ दिसेल ना?" विचारलं की माझ्या तोंडाला उत्तर येत नव्हतं. शेजारी खाकीतल्या ताई बसलेल्या असत.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. मोबाइल आत न्यायला बंदी व्हायच्या आधीचे दिवस. तेलिया तलावाच्या वाघिणी, सोनम, लारा, यांची नावं मुंबई-पुण्याची पोरं पाठ म्हणायची. जिथं रेंज मिळे तिथून एक फोन गेला की पंधरा मिनिटांत पंधरा गाड्या. धुळीकडं बघायची कोणाला गरज उरली नव्हती. अशाच एका संध्याकाळी मलाही फोन आला. गेलो. रस्त्याला एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला नाल्याची उभी दरड. माझी गाडी सगळ्यात पुढं, मागं आठ-दहा. वाघीण समोरून आमच्याकडं चालत येत होती. त्याच चाकोरीतून, डाव्या. मान खाली, घाई नाही. अशा वेळी मागं सरकायचं असतं. तिचा रस्ता, तिला द्यायचा. मी रिव्हर्स टाकला आणि आरशात बघितलं. मागची गाडी माझ्या बंपरला टेकायला आलेली, तिच्यामागची तिला. मी ओरडू शकलो असतो, हात करू शकलो असतो. पण माझ्या गाडीत ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाघ बघितला अशी पाच माणसं श्वास धरून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मीही आरशातून नजर काढून पुढं बघायला लागलो.

ती वीसेक पावलांवर थांबली. बसली नाही, गुरगुरली नाही. नुसतं बघितलं. मग बांबूत शिरली. वाळलेल्या बांबूतून तिचं अंग घासल्याचा आवाज आमच्या गाड्यांच्या बाजूबाजूनं मागं मागं जात राहिला, आणि शेवटच्या गाडीच्या पलीकडं ती परत रस्त्यावर आली. पुन्हा डाव्या चाकोरीत. कॅमेरे सगळे तिकडं वळले. मला त्या दिवशी बक्षीस म्हणून जे मिळालं ते तोवरचं सगळ्यात मोठं होतं. घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बंडी असती तं काय केलं असतं?" बंडीला रिव्हर्स नसतो. समोरून जनावर आलं तर धुरकरी बैल बाजूच्या झाडीत घालून उभा राहायचा, जनावर जाऊ द्यायचा. आम्हाला बाजूला व्हायला बंदी, आणि मागं व्हायला जागा आम्हीच ठेवली नाही.

२०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधल्या पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली, ऑक्टोबरात ती उठली. कोअरच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला नको, हा दंडक तेव्हाच आला. त्या तीन महिन्यांत गावात एकच चर्चा होती, हप्ते कसे भरायचे. मीही तेच बोलत होतो. पण रात्री गाडीवर ताडपत्री ओढताना वाटायचं की आत सगळ्या चाकोऱ्यांवर आता गवत आलं असेल, वाघ कुठून चालत असतील? २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला तिच्या पाच पिल्लांसह गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. आमच्या चहाच्या टपरीवर पोरं त्या ड्रायव्हरांना शिव्या घालत होती. मी चहा घेतला आणि उठलो. माझा व्हिडिओ कोणी काढला नव्हता, एवढाच फरक.

मोबाइल बंद झाल्यापासून बरं आहे. मागची गाडी कुठं आहे, पुढं काय आहे, कळत नाही, म्हणून नवीन पोरांनाही परत धुळीत बघावं लागतं. दोन-तीन जण चांगले तयार झालेत. एकजण तर टायरच्या नक्षीवरून कोणाची गाडी हेही सांगतो. माझ्या गाडीची नक्षी त्याला पाठ आहे. म्हणतो, "काका, तुमची गाडी वळखू येते. ठसा आला का वाकडी होते."

वडील गेले त्याला चार वर्षं झाली. बंडी अजून गोठ्यात आहे, जू तेवढं मोडलंय.

आता येणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. मंगळवारी ताडोबा बंद असतं. सोमवारी संध्याकाळी शेवटची गाडी बाहेर पडली की बुधवारी पहाटेपर्यंत, गस्तीची गाडी सोडली तर, आतल्या रस्त्यांवर चाक फिरत नाही. सगळे शनिवार-रविवारची बुकिंग धरतात. तुम्ही बुधवारची सकाळ घ्या. कच्च्या रस्त्याला लागलात की ड्रायव्हरला सांगा, "घाई नाही, आधी खाली बघू." आणि गाडी जरा वाकडी चालली तर काही म्हणू नका.